उजनीचा आलेख शून्यावर थांबवू नये

महोदय,

दर उन्हाळ्यात आपल्या दैनिकात उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा आलेख छापून येतो. त्यातील रेषा पावसाळ्यानंतर उतरत जाते आणि शून्य टक्क्याला टेकली की आडवी होते, कारण उभा अक्ष तिथेच संपलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते की पाणी संपले, किंवा निदान घट तरी थांबली. प्रत्यक्षात यांपैकी काहीच झालेले नसते.

उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील जवळपास 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी आहे. टक्केवारी काढली जाते ती उरलेल्या साधारण साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्यावर. म्हणूनच पाणी मृतसाठ्यात उतरले की धरण ‘मायनसमध्ये’ जाते. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेले, म्हणजे मृतसाठ्यातील 27 टीएमसीहून अधिक पाणी कमी झाले. त्या दिवसांत आमच्या करमाळ्याकडच्या काठावर पाणी रोज मागे सरत होते. शेतकरी मोटारी उचलून पुढे नेत होते, पाइपाला पाइप जोडत होते, चर खोदत होते. शून्यावर कापलेल्या आलेखात या साऱ्या काळाची एक सपाट रेघ होते.

याच्या उलट चूक संगणकावर विसंबल्याने होते. आठवड्याभराचे आकडे उणे 38 ते उणे 40 असतील, तर तो अक्षही तेवढाच धरतो आणि दोन टक्क्यांची घट कागदाच्या पूर्ण उंचीवर ताणून धरण कड्यावरून कोसळल्यासारखे दाखवतो.

अक्ष शून्यापासूनच हवा, असेही काही जण बजावतात. स्तंभालेखाला ते लागू आहे, कारण तिथे स्तंभाची उंची हेच मोजमाप असते. रेषालेखाला ते सरसकट लावता येत नाही. उजनीची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून मोजतात. उपयुक्त साठा संपतो 491.03 मीटरवर आणि धरण भरते 496.83 मीटरवर. अक्ष शून्य मीटरपासून काढला, तर दहा सेंटिमीटर उंचीच्या आलेखात भरलेले धरण आणि मायनसच्या उंबरठ्यावरचे धरण यांत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक दिसेल. (आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्याने हा हिशेब केल्यावाचून राहवले नाही.)

तेव्हा अक्षाची टोके धरणाच्याच मर्यादांवरून ठरवावीत. मृतसाठाही पूर्ण संपला, तर आकडा उणे 119 टक्क्यांच्या आसपास जाईल. गाळाचा हिशेब वेगळा. तेथपासून वर 100 टक्क्यांच्या थोडे पुढेपर्यंत अक्ष घ्यावा, तो दरवर्षी तोच ठेवावा, म्हणजे गेल्या वर्षीचे कात्रण यंदाच्या आलेखाशेजारी ठेवून पाहता येईल. शून्यावर एक ठळक रेघ मारून ‘येथून खाली मृतसाठा’ एवढे तीन शब्द छापावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक,
करमाळा (जि. सोलापूर)