चेलो कोल्हापुरात ऐकायला मिळावा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या वाद्याच्या वादक आणि संगीतकार सास्किया राव-दे हास यांच्यावरचा लेख आवडला, पण त्यांच्या वाद्याबद्दल एकच ओळ होती हे खटकलं. खरी कमाई तर तिथंच आहे. मूळच्या नेदरलँड्सच्या या बाईंनी पं. हरिप्रसाद चौरसियांकडे तालीम घेतली आणि रागसंगीतासाठी चेलोच बदलून घेतला, आकार लहान केला म्हणजे खाली बसून वाजवता येईल, वाजवायच्या ५ तारा ठेवल्या आणि शिवाय १० तरफा, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, लावल्या, त्यामुळं सूर मागं घुमत राहतो. केवढी चिकाटी लागली असेल! थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात हे वाद्य समोर बसून ऐकायला मिळालंच पाहिजे, इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेनं त्यांना जरूर बोलवावं, आम्ही तिकीट काढून येऊ.

– एक वाचक, कोल्हापूर