चिठ्ठीवर मी अजून सही केलेली नाही

मा. शिक्षणमंत्री, गुजरात राज्य,
गांधीनगर

सप्रेम नमस्कार.

हेच पत्र गुजरातीत लिहून मी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवलं आहे. इथे मराठीत लिहितोय ते आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्याच्या पालकांनीही वाचावं म्हणून. ज्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे त्यावर सह्या त्यांच्याच असतात, आणि तो कागद बहुतेकांनी पुरता वाचलेला नसतो.

गेल्या आठवड्यात माझ्या नातीच्या डायरीत एक चिठ्ठी आली. ती सातवीत आहे. एक दिवसाची सहल, सकाळी सहाला निघायचं, रात्री आठला परत. पावागड, मग वॉटर पार्क. सोबत टोपी आणि कोरडा नाश्ता. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: 'सहलीत काही अनुचित प्रकार घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' त्याखाली पालकाची सही. माझा मुलगा चहा पिता पिता सही करायला निघाला होता. मी चिठ्ठी काढून घेतली.

हरणीचा तलाव आमच्या घरापासून स्कूटरवर वीसेक मिनिटांवर आहे. 18 जानेवारी 2024 ला तिथे सहलीला गेलेल्या शाळेची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेटं नव्हती. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, अटका झाल्या, पुढचं सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. आमच्या पिढीने 1993 मध्ये शहरातल्या सूरसागर तलावात उलटलेली बोटही पाहिली आहे. तलाव महापालिकेचा, बोट ठेकेदाराची, मुलं शाळेची. या तिघांच्या मधल्या फटीत मुलं बुडाली, असं माझं मत आहे. ही फट मी दुसरीकडेही पाहिली आहे, आणि तिथे मी स्वतः होतो.

मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. सेवेच्या शेवटच्या वर्षांत आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना महिनाभर कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला पाठवायचो. त्यातला एक मुलगा, सतरा पूर्ण झालेला, शहराबाहेरच्या एका कारखान्यात गेला. तिसऱ्या दिवशी त्याला पॉवर प्रेसवर, म्हणजे साच्यात पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, उभं केलं.

साहेब, आपण प्रेस पाहिला असेल तर माहीत असेल, त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. म्हणजे साचा येताना दोन्ही हात बटणांवर, पर्यायाने बाहेर. सोपी, शहाणी युक्ती आहे. पण असं काम सावकाश होतं. मग डाव्या बटणावर लाकडाची एक ढलपी ठेवून वरून काळी टेप गुंडाळतात. बटण कायमचं दाबलेलं. आता एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. दिवसाला तेवढे नग जास्त निघतात. त्या मशीनवरची टेप बरीच जुनी होती, कडेला तेलाने काळी, मेणचट झालेली. हे मी नंतर जाऊन पाहिलं. मुलाच्या डाव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून गेली.

दवाखान्यात कारखान्याचे मॅनेजर भेटले. माणूस वाईट नव्हता, त्याचे हात थरथरत होते. पण म्हणाला, "हा आमचा कामगार नाही, मस्टरवर नाव नाही. तुमचा विद्यार्थी आहे." आमच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर, त्या महिन्यात तो कारखान्याच्या ताब्यात होता. विमा कोणीच उतरवला नव्हता. मुलाची आई डबे करते. तिने मला एवढंच विचारलं, "सर, याला आता ऑफिसातलं काम मिळेल ना?"

आणि आता माझं. त्या आठवड्यात कारखान्याला भेट देऊन आल्याचा शेरा माझ्या वहीत आहे, खाली माझी सही. मी गेलो नव्हतो. फोन करून 'मुलं ठीक आहेत ना' एवढं विचारलं होतं. बावीस मुलं, नऊ कारखाने, शहराच्या चारी दिशांना, पेट्रोल स्वतःचं आणि रोजचे तास चालू. ही सबब म्हणून सांगत नाही, पण आजही जो इन्स्ट्रक्टर ही वही भरतो तो काय करत असेल, हे आपल्याला कळावं म्हणून लिहितो. गेलो असतो तर ती टेप मला दारातून दिसली असती.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. नोंदवलेल्या अप्रेंटिसला कारखान्यात कामगाराइतकीच सुरक्षा द्यावी लागते, इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा काम देता येत नाही, द्यायचंच तर आधी परवानगी लागते. धोक्याच्या उद्योगातल्या ट्रेडला वय अठरा हवं, आणि नंदेसरीसारखी रासायनिक वसाहत ज्या जिल्ह्यात आहे तिथे या अटीचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. पण हे सगळं ज्याचा करार रीतसर नोंदवला आहे त्याच्यासाठी. जो मुलगा नुसत्या पत्रावर 'ट्रेनिंग'ला किंवा 'इंटर्नशिप'ला गेला, डिप्लोमाचा असो की आयटीआयचा, तो कारखान्याच्या लेखी पाहुणा असतो. पाहुण्याला प्रेसवर उभं करतात, एवढाच फरक.

त्यातही आपल्याकडे खाती वेगळी. शाळा आणि डिप्लोमा कॉलेजं आपल्या खात्यात, आयटीआय आणि कारखान्यांची सुरक्षा तपासणी श्रम आणि कौशल्य विकास खात्यात, तलाव महापालिकेकडे. मूल मात्र एकच, सकाळी घरून निघालेलं. म्हणून हे पत्र आपल्याला: बाकीच्या दोघांना एका टेबलाशी बसवायला कोणीतरी निघावं लागेल, आणि मुलाचा दाखला आपल्याकडे आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. शाळेबाहेर मूल जाणार असेल तर त्या दिवसाचा एक जबाबदार माणूस, नावानिशी, चिठ्ठीवर छापलेला असावा. 'शाळा व्यवस्थापन' वगैरे चालणार नाही, माणूस हवा. आणि त्याला जागेवर 'नाही' म्हणायचा अधिकार लेखी हवा. बोटीत जागा कमी आहे, पाऊस आलाय, ड्रायव्हर रात्रभर जागा आहे, तर तिथल्या तिथे रद्द. पैसे भरलेत, मुलं हिरमुसतील, संचालक रागावतील, हे सगळं त्या वेळी बाईंच्या मनात येतं. तेव्हा त्यांच्या पर्समध्ये आपल्या सहीचा एक कागद असला तर त्यांना बळ येईल.

'जबाबदार राहणार नाही' हे वाक्य मात्र परिपत्रक काढून बंदच करा. निष्काळजीपणा असल्या चिठ्ठीने धुतला जात नाही, हे कोणीही वकील सांगेल. मग ते छापतात कशाला? पालकाला आधीच गप्प बसवायला. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं शिक्षण आणलं, मूल शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड केला, तिथे मूल घरून मागून न्यायचं आणि परत आणून द्यायची जबाबदारी नाकारायची, हे शोभत नाही.

कारखान्यात जाणाऱ्या मुलांसाठी: करार आणि विमा झाल्याशिवाय गेटच्या आत पाऊल नाही. त्या करारात कोणत्या मशीनला हात लावायचा नाही याची यादी, आणि यादीत पहिला प्रेस. इन्स्ट्रक्टरला न कळवता भेट देता यावी, त्याचा प्रवासभत्ता मिळावा आणि त्या दिवशी त्याचे तास दुसऱ्याने घ्यावेत. हे पैशाचं काम आहे, नुसत्या परिपत्रकाने होणार नाही. सुरक्षा किट वाटून फोटो काढण्याचे कार्यक्रमही कृपा करून थांबवा. एका समारंभात आमच्या मुलांना हातमोजे वाटले होते. फिरत्या ड्रिलवर आणि लेथवर हातमोजा घालायचाच नसतो, तो गुंडाळला जातो आणि हात आत ओढतो. वाटणाऱ्या साहेबांना हे माहीत नव्हतं. मुलांना होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोजे घरी नेले.

पाण्याचंही तसंच. लाइफ जॅकेट आहे एवढ्यावर भागत नाही. मुलाला घातल्यावर खांद्यांवरचे दोन्ही पट्टे धरून वर ओढून बघायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्याच्या मापाचं नाही, पाण्यात जॅकेट वर राहील आणि मूल त्यातून खाली निसटेल. एका मुलाला पाच सेकंद लागतात. हे करताना मी कुठल्या सहलीत कोणाला पाहिलेलं नाही.

एक भीती आहे. अशी पत्रं वाचून खातं सोपा मार्ग काढतं: सहली बंद. कृपा करून ते करू नका. 2020 च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे ठेवलेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायला. मला ते मनापासून आवडलं आहे. मुलांनी पावागड चढावा, कारखाना आतून बघावा, पोहायलाही शिकावं. (विश्वामित्रीत मगरी, तेव्हा आमच्या पोरांना लालबागेच्या तरणतलावाशिवाय गत्यंतर नाही. प्रत्येक शाळेला तिथे वर्षातून आठ दिवस मिळाले तर तेही एक काम होईल.) घरात कोंडून ठेवलेलं मूल रस्त्यावर पहिल्यांदा येतं तेव्हा जास्त गोंधळतं.

काल मी नातीच्या शाळेत गेलो. वॉटर पार्कमध्ये मुलं कोण मोजणार, दर किती वेळाने, आणि बसला दुसरा ड्रायव्हर आहे का, एवढंच विचारलं. बाई फार अदबीने बोलल्या. म्हणाल्या, "काका, दोनशे पालकांत तुम्हीच विचारलंत. प्रिन्सिपल सरांना विचारून सांगते." नात दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही, तिच्या बाकावरच्या दोघी जाणार आहेत. चिठ्ठी शुक्रवारपर्यंत द्यायची आहे. ती माझ्या चष्म्याच्या डबीखाली आहे. शेवटचं वाक्य मी लाल पेनने खोडलंय आणि त्याच्याशेजारी, जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायला, एक रिकामी ओळ आखून ठेवली आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय इन्स्ट्रक्टर
दांडिया बाजार, बडोदे