माननीय आरोग्यमंत्री, परिचारिकेला विचारायला वेळ द्या

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

ऑपरेशनला न्यायच्या आधी पेशंटच्या अंगावरचं सगळं उतरवायचं असतं. दागिने, पिना, कवळी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बाईच्या मनगटावरचा जुना, विटलेला धागा मी बँडेजच्या कात्रीनं कापला आणि बादलीत टाकला. थिएटरमधून दोनदा फोन येऊन गेला होता. बाई काही बोलली नाही. पुढचे तीन दिवस मात्र ती माझ्याशी फक्त मानेनं बोलली. दुखतंय का विचारलं की मान नाही म्हणायची, आणि चादरीचं टोक मुठीत आवळलेलं असायचं. घरी जाताना एवढंच विचारलं, "सिस्टर, तो धागा ठेवला होतात का?"

केस पेपरवर मी तिन्ही दिवस 'वेदना नाही' असं लिहिलं होतं.

धातू काढायलाच हवा, कॉटरीनं, म्हणजे ऑपरेशनमध्ये वापरायच्या विजेच्या उपकरणानं, तिथं भाजू शकतं. पण हा साधा धागा होता, आणि तो हात ऑपरेशनचा नव्हता. सर्जनला विचारून पट्टीखाली झाकता आला असता. नाहीच, तर निदान सोडवून तिच्या माणसांच्या हाती देता आला असता. अर्ध्या मिनिटाचं काम.

संवेदनशीलता म्हटलं की आपल्या खात्याला आधी प्रशिक्षण सुचतं. एक दिवस, एक सभागृह, आणि पडद्यावर तक्ता: अमुक समाजाच्या बायकांना पुरुष डॉक्टर चालत नाही, तमुक लोक जरा दुखलं की कण्हतात. साहेब, या तक्त्याची मला भीती वाटते. 'हे लोक कण्हतातच' असं शिकून आलेली सिस्टर त्यातल्या खऱ्या दुखण्याला इंजेक्शन उशिराच देणार. अज्ञान बरं, निदान ते विचारतं तरी.

न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, परिचारिकेनं हा विचार उलट्या बाजूनं मांडला. परिचारिकेनं दुसऱ्याच्या चालीरीती पाठ करण्याआधी स्वतःच्या समजुती आणि स्वतःच्या हातातली सत्ता ओळखावी; आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे ती घेणाऱ्यानं ठरवावं. 1992 साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं हे अभ्यासक्रमात आणलं. त्यावरून वादही भरपूर झाला. होणारच, सत्ता म्हटलं की कोणालाही झोंबतं.

मला हवंय ते फार नाही. पेशंटला दाखल करतानाच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. त्या बाईचा तो मीच भरला होता, धाग्याबद्दल त्यातून काही कळलं नाही. त्याच्याखाली एक ओळ टाका: 'तुमची काळजी घेताना आम्ही काय लक्षात ठेवावं?' उपास असेल तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना बदलता येतात. पण ते आधी कळायला हवं, न घेतलेल्या गोळ्या उशीखाली सापडल्यावर नाही. आणि दुभाषे द्या, निदान फोनवरचे. आईच्या रक्तस्रावाबद्दल दहा वर्षांची मुलगी आम्हाला समजावून सांगतेय, हे मी पाहिलं आहे. तिनं काय गाळलं, ते तिलाच ठाऊक.

पेशंटनं सांगितलेलं सगळंच ऐकता येतं असं नाही. जिवाला धोका असेल तिथं 'नाही' म्हणावंच लागतं. पण ते समजावून म्हणायला वेळ लागतो, आणि भरलेल्या वॉर्डात रात्री एकटीच सिस्टर असली की पहिली काटछाट बोलण्यावरच होते. पदं भरल्याशिवाय ही ओळ अर्जावर छापलीत, तर आम्ही तिथंही 'काही नाही' लिहून मोकळ्या होऊ.

अजून एक गोष्ट, जी सभागृहात कोणी काढत नाही. आमचं आडनाव ऐकून, रंग पाहून हात झिडकारणारे पेशंटही असतात. "दुसरी सिस्टर पाठवा." दुसरी नसते. पहिलीच सलाईन लावते, आणि शिव्या खाऊन पुढच्या खाटेकडे जाते. त्या रात्री तिच्या बाजूनं कोणी उभं राहायचं, तेही, ही ओळ छापायचं परिपत्रक काढाल, त्यातच लिहा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका