वादळाच्या बातमीत भरतीची वेळही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की सगळ्याच वर्तमानपत्रांत दोन गोष्टी ठळक छापून येतात : वाऱ्याचा वेग आणि वादळ धडकण्याचे ठिकाण. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घर आवरायला बसलेल्या माणसाला आणखी दोन गोष्टी कळाव्या लागतात. वादळ पोचेल तेव्हा भरती असेल की ओहोटी? आणि वारा आधी कोणत्या दिशेने येईल, मग कोणत्या? या दोन्ही गोष्टी बातमीत क्वचितच सापडतात.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ घ्या. ते दुपारी अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यात जमिनीवर आले, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशेब लावला, तर तेराव्या तिथीला पूर्ण भरती पावणेदहा-दहाला येते. म्हणजे वादळ आले तेव्हा समुद्र ओसरत होता. वादळ समुद्राचे पाणी ढकलत आणते आणि त्या वेळी मीटर-दोन मीटर जादा पाण्याचा अंदाज हवामान खात्याने दिलेला होता. हे जादा पाणी ओहोटीवर पडले म्हणून बऱ्याच ठिकाणी ते पुळणीवरच जिरले. तेच वादळ रात्री दहाला, भर उधाणात आले असते, तर पाणी वाड्यांत आणि घरांत शिरले असते. ‘निसर्गात आमच्याकडे पाणी आले नव्हते’ या भरवशावर आज कितीतरी घरे स्थलांतराला नकार देतात. तो भरवसा चुकीचा आहे.

आता वाऱ्याची दिशा. आपल्याकडच्या वादळात वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. वादळ नैऋत्येकडून येऊन अंगावरून गेले, तर पहिला मारा आग्नेयेकडून, म्हणजे डोंगराच्या अंगाने होतो. मग वारा अचानक पडतो. हा वादळाचा डोळा. थोड्या वेळाने उलट बाजूने, वायव्येकडून, समुद्रावरचा वारा तितक्याच जोराने येतो. किनाऱ्यावरची माणसे फक्त समुद्राकडची दारे-खिडक्या आवळतात आणि मागची पडवी तशीच सोडतात. वाऱ्याकडची एक खिडकी फुटली की वारा घरात कोंडतो आणि छपराला आतून वर रेटतो, त्याच वेळी बाहेरून छपरावर ओढ असतेच. मधल्या शांततेत ‘संपले’ समजून पत्रे गोळा करायला बाहेर पडणे हे सर्वांत जीवघेणे. मे २०२१ मधल्या तौक्तेसारखे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले, तर डोळा अंगावरून जात नाही. तेव्हा वारा आग्नेयेकडून दक्षिणेला आणि मग नैऋत्येला सरकत जातो. म्हणून वादळाच्या मार्गाचा नकाशा छापला, तरी त्या मार्गावरून आपल्या तालुक्यात वारा कसा फिरेल हे दोन ओळींत सांगणे गरजेचे आहे.

हवामान खाते साधारण ४८ तास आधी पिवळा आणि २४ तास आधी नारिंगी इशारा देते. निसर्गच्या वेळी चक्रीवादळ म्हणून नाव पडले २ जूनच्या दुपारी, आणि दुसऱ्या दुपारी ते दारात होते. एवढ्या वेळात काय होते आणि काय होत नाही, याचा हिशेब आधीच हवा. छपराचे काम या वेळात होत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो : ताशी ६० किलोमीटरला चौरस मीटरमागे सुमारे १७ किलो, तर १२० ला सुमारे ६८ किलो. दहा फुटी, साडेतीन फूट रुंदीच्या पत्र्यावर ही ओढ सव्वादोनशे किलोच्या घरात जाते, आणि लोखंडी पत्र्याचे स्वतःचे वजन असते पंधरा किलोच्या आसपास. वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांवर ओढ याहून जास्त. त्यामुळे पत्रा सुटतो तो कडेपासून, आणि एक सुटला की शेजारचा मोकळा होतो.

खाऱ्या हवेत जे-हूक, म्हणजे पत्रा खालच्या सांगाड्याला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, गंजतात, वायसर कडक होऊन तडकतात, नट ढिले पडतात. वरून हे दिसत नाही. पान्हा लावून प्रत्येक नट तपासावा लागतो, गंजलेला हूक बदलावाच लागतो. मधल्या भागात हूक जितक्या अंतरावर आहेत, त्याच्या निम्म्या अंतरावर ते कडेच्या ओळींत हवेत. याहून मोठा दोष खाली असतो. बऱ्याच घरांत वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात, म्हणून पत्रा न सुटता वाशांसकट सगळे पाखे उचलले जाते. वासा लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला जखडणे हाच त्यावर उपाय. मंगलोरी कौले रिपांवर नुसती बसवलेली असतात. त्यांच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडा न गंजणाऱ्या तारेने रिपांना बांधून घ्याव्यात. हे सगळे एप्रिलमध्ये आणि पुन्हा दसऱ्याच्या आधी करायचे काम आहे. इशारा आल्यावर फार तर जुने मासेमारीचे जाळे छपरावरून टाकून चारी बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधता येते, आणि वाळूची पोती ठेवता येतात. सुटे दगड, जांभे, विटा ठेवू नयेत. वाऱ्यात त्या खाली येतात आणि कोणाच्या तरी डोक्यात बसतात.

झाडांचेही तेच. नारळ उतरवणारा पाडेली वारा सुरू झाल्यावर माडावर चढत नाही आणि चढूही नये. घरावर पडू शकतील अशा माडांची सुकलेली झावळे आणि तयार नारळ पहिल्या दिवशीच उतरवून घ्यावेत. हिरवी झावळे छाटू नयेत, माड त्यावर जगतो. आंबा-फणसाच्या घरावर झुकलेल्या फांद्या आधी कापाव्यात. सुपारी सहसा मधोमध मोडते, तिला वाचवायचा खात्रीचा उपाय नाही.

शेवटच्या दिवशीची कामे वेगळी. छपरावरची प्लॅस्टिकची टाकी काठोकाठ भरा. पाचशे लिटरची भरलेली टाकी पाचशे किलोची असते, रिकामी टाकी उडून शेजाऱ्याच्या घरावर जाते. पिण्याचे पाणी माणशी रोज चार लिटर धरा, पाच माणसांना आठवडाभर १४० लिटर लागते. निसर्गनंतर अनेक गावांत वीज आठवड्यांनी आली आणि मोबाइलचे टॉवर बंद पडले. म्हणून रोख पैसे, महिन्याची औषधे आणि भरलेला सिलिंडर आधीच घरात हवा. घराचे, वाडीचे, होडीचे तारखेसह फोटो आदल्या दिवशी काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात. वारा वाढला की मेन स्विच आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

खाडीत नांगरलेल्या होड्यांचे नुकसान बहुधा दोर आखूड ठेवल्याने होते. भरती आणि जादा पाणी मिळून होडी चढते, दोराला ढील नसला की तो तुटतो किंवा नांगर उखडतो. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट हवा, आणि ती खोली भरतीची धरायची. दोन होड्यांत त्या फिरतील एवढे अंतर, आणि जिथे ते नाही तिथे बाजूंना टायर. लहान होड्या उधाणाच्या रेषेच्या वर ओढून, इंजिन व जाळी उतरवून, माडाला न बांधता जमिनीत पुरलेल्या खुंट्याला बांधा. माड पडला तर होडीवरच पडतो.

वादळानंतरच्या दोन गोष्टी लोकांना माहीत नाहीत, म्हणून येथे देतो. जनरेटर घराच्या बोर्डाला जोडताना मेन स्विच चालू राहिला, तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला मारू शकते. दुसरी गोष्ट विहिरीची. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. तीन मीटर व्यासाच्या, चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी असते, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर उपसा करू नये. पाणी गढूळ असेल तर पावडर जास्त लागते. विहिरीत खारे पाणी शिरले असेल, तर ते ब्लीचिंगने गोडे होत नाही.

आमची विनंती एवढीच आहे. वादळाची बातमी छापताना त्या दिवसाची तिथी, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या दोन्ही भरत्यांच्या वेळा, तालुकावार वाऱ्याची अपेक्षित दिशा आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ व तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक पहिल्या पानावर एका चौकटीत द्यावेत. मोबाइल बंद पडला तरी भिंतीला चिकटवलेला कागद वाचता येतो. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वादळाची बातमी नसताना, छपराच्या हूकांविषयी एक मजकूर जरूर छापावा. ग्रामपंचायतींनी तेव्हाच गवंडी आणि सुतार घेऊन घरोघर तपासणी करायला हवी.

आपले,
श्रीवर्धन-दापोली किनाऱ्यावरील रहिवासी