पायपेटीवाल्या काकांना, चेंदणी कोळीवाड्यातून

आदरणीय काका,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं काका. ठाण्यात नौपाड्यातल्या तालमीला येणारे ओळखतीलच. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणत विषय बदलता. तेव्हा हे चार लोकांतच लिहिते.

माझा आवाज जाड आणि खडा. आमच्याकडच्या हळदीत गाऊन गाऊन झालेला. नाट्यगीत शिकायला गेले, तर तिथे पहिल्याच दिवशी ऐकवलं, "तुम्ही कोळीगीतंच गा, तेच शोभेल." मी वही कपाटात टाकली. ही गोष्ट तुमच्या कानावर गेली आणि दोन दिवसांत तुमचा निरोप आला: 'मत्स्यगंधा' या संगीत नाटकातला एक प्रवेश बसवतोय, सत्यवती हवी आहे, येऊन जा.

पहिल्या भेटीत तुम्ही मला गायला सांगितलंच नाहीत. गायिका-अभिनेत्री आशालता वाबगावकरांबद्दल बोलत बसलात. गोव्याची मुलगी, राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या 'संशयकल्लोळ'मधल्या रेवतीच्या भूमिकेपासून संगीत नाटकात आली. 1964 मध्ये कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'त सत्यवती झाली. शेजारी पराशराच्या भूमिकेत रामदास कामतांसारखा तयार गळा! बाईंचा पिंड मात्र नटीचा. नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी ते ओळखलं आणि चाली अशा बांधल्या की शब्द पुढे यावा, ताना मागे राहाव्यात. "संगीत नाटकाला तेव्हा नवं वळण लागलं ते अशा आवाजांमुळेही," असं तुम्ही म्हणालात. माझ्यासारख्या गळ्याला कुणी जागा दाखवल्याची ती पहिली वेळ.

मग त्याच नाटकातलं 'गर्द सभोवती रान' हाती घेतलं. बालकवींची कविता, नाटकाच्या कितीतरी आधीची. तुम्ही आधी ती नुसती बोलायला लावलीत. वहीत शिसपेन्सिलीने श्वासाची टिंबं दिलीत. 'साजणी'नंतर एक, आणि पुढे 'तू तर चाफेकळी' एका दमात. दम पुरेना, तेव्हा टिंब हलवायच्या ऐवजी तुम्ही पट्टी काळी पाचवरून पांढरी चारवर, म्हणजे खाली, आणलीत आणि म्हणालात, "पेटी तुझ्यामागे येईल, तू बाईमागे जा." बाई म्हणजे सत्यवती, हे कळायला मला ती संध्याकाळ लागली. त्यानंतर 'अर्थशून्य भासे मज' ऐकवलंत. तोच गळा, पण बोलणारी बाई वेगळी. आवाज सुंदर लावण्यापेक्षा तो कुणाचा आहे हे ठरवणं अवघड असतं, हे मी तिथे शिकले. माझ्या मते आशालताबाईंचं सगळं काम याच एका गोष्टीवर उभं होतं.

पुढे त्या हिंदी सिनेमात गेल्या. 1980 चा 'अपने पराये', नंतर 'अंकुश'मधली आजी. मराठीत 'उंबरठा', 'माहेरची साडी'. लोकांना त्या आई-आजी म्हणूनच आठवतात, आणि त्याचं तुम्हाला वाईट वाटतं. मला तेवढं वाटत नाही. तुम्ही सांगितल्यावर मी ते सिनेमे डोळे मिटून ऐकले. साध्या वाक्यातही कुठे थांबायचं हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. पडद्यावर गाणं नसेल, पण गाणारी बाई तिथे आहेच. शेवटच्या काळातही त्या काम करत होत्या. सप्टेंबर 2020 मध्ये साताऱ्याकडे मालिकेचं चित्रीकरण सुरू असताना कोरोनाने त्या गेल्या. ती बातमी सांगताना तुमचा आवाज भरून आला होता.

काका, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. गुडघे दुखत असताना पायपेटीचा भाता मारत बसलात. माझे बाबा "रात्रीच्या तालमी नकोत" म्हणाले, तेव्हा तुम्ही घरी आलात, आईच्या हातचं जवळा घातलेलं वांगं खाल्लंत, आणि दर तालमीनंतर मला स्टेशनपलीकडे दारापर्यंत सोडायचं कबूल केलंत. सोडलंतही. बाबांनी त्यानंतर एकदाही अडवलं नाही. गडकरी रंगायतनच्या प्रयोगाला ते पहिल्या रांगेत होते, सोबत कोळीवाड्यातल्या बायका, डोक्यात अबोलीचे गजरे माळून. माझा संवाद संपायच्या आत तुम्ही खालचा षड्ज धरलात, इतका हळू की तो फक्त मलाच ऐकू यावा. मी त्याच्यावर पाय ठेवून उभी राहिले.

मनापासून आभार, काका. तुमच्यामुळे मी गाते आणि उभी राहून गाते.

आता मंडळ 'संशयकल्लोळ' करतंय आणि रेवती मला दिली आहे. देवलांची पदं आहेत, दमसास जास्त लागेल, वहीत टिंबं लागतील. शनिवारी सातला तालीम आहे. मंडळाची पायपेटी दुरुस्त करून आणली आहे, तेव्हा तुमची उचलून आणू नका. रिक्षा घेऊन मी साडेसहाला खाली उभी असेन.

तुमची,
सत्यवती