वायू-द्रव प्रवाहाचे मापन समजावून देणाऱ्या सरांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या कारखान्यातील सेपरेटरनंतरच्या (वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या टाकीनंतरच्या) वायूवाहिनीवरचे प्रवाहमापन आपल्या मार्गदर्शनामुळे मार्गी लागले, आणि त्याबद्दलचे आभार खासगी पत्रातल्या दोन ओळींत उरकावेत असे मला वाटत नाही. आपण आमच्या कंपनीचे सल्लागार नव्हता आणि कामाचा मोबदलाही आपण घेतला नाहीत. आलेखांची एक जुडी पाठवून विचारलेल्या प्रश्नाला आपण आकृत्या काढून सविस्तर उत्तर दिलेत. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की वायू आणि द्रव एकाच नळातून वाहत असले की मीटरवर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद उत्पादन विभाग आणि इन्स्ट्रुमेंट विभाग यांच्यात सगळीकडेच रंगतो, आणि आपली उत्तरे तिथेही उपयोगी पडतील.

आमची अडचण वरकरणी साधी होती. मुख्य वाहिनीवरची ऑरिफिस प्लेट (छिद्र असलेली चकती; तिच्या दोन बाजूंच्या दाबफरकावरून प्रवाह काढतात) जेवढा वायू दाखवत होती, तेवढा पुढच्या युनिटांमध्ये खर्चच होत नव्हता. दाबफरक मोजून कळवणाऱ्या ट्रान्समीटरचे कॅलिब्रेशन बरोबर होते, प्लेटची कड धारदार होती, छिद्राचा व्यास नोंदीप्रमाणेच होता. त्यामुळे जुना मीटर काढून, एकत्र वाहणारे वायू आणि द्रव वेगवेगळे मोजणारा मल्टिफेज मीटर घ्यावा, असे बैठकीत जवळजवळ ठरल्यातच जमा होते. आपला पहिला प्रश्न मात्र मीटरविषयी नव्हताच. ‘या नळातून नेमके काय वाहते आहे, हे कोणी पाहिले आहे का?’ असे आपण विचारलेत, आणि त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. सेपरेटरमधून वायूबरोबर थोडा द्रव निसटतो हे सर्वांना ठाऊक होते. पण तो भिंतीलगत पातळ थर होऊन जातो, तळाशी ओहोळासारखा वाहतो, तुषार होऊन उडतो की मधूनच नळ भरून टाकणारे स्लग होऊन येतो, याचा विचार कोणी केलेला नव्हता.

वायूत थोडासा द्रव मिसळला तरी ऑरिफिस प्लेटचे वाचन का वाढते, हे आपण ज्या क्रमाने समजावलेत तो क्रम मी आता नव्या सहकाऱ्यांनाही सांगते. आकुंचनातून जाताना वायूला स्वतःबरोबर जड द्रवालाही वेग द्यावा लागतो, त्यामुळे दाबफरक वाढतो, आणि तो सगळा दाबफरक वायूचाच आहे असे धरून गणित केले की वायूचा प्रवाह फुगलेला दिसतो. मर्डॉक यांनी 1962 मध्ये ऑरिफिस प्लेटसाठी हे वाढीव वाचन सरळ रेषेच्या सूत्रात बसवले. द्रव आणि वायू यांच्या वस्तुमान-प्रवाहांचे गुणोत्तर घ्यावे, त्याला वायू आणि द्रव यांच्या घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाने गुणावे, म्हणजे लॉकहार्ट-मार्टिनेली संख्या मिळते; तिला 1.26 ने गुणून त्यात 1 मिळवला की वाचन किती पटीने वाढले ते कळते. ही संख्या 0.1 असेल तर मीटर सुमारे 12 ते 13 टक्के जास्त दाखवणार. हे सूत्र हाती पडताच आमच्या एका सहकाऱ्याने ते लगेच संगणकात भरायला घेतले होते. आपण त्याला थांबवलेत, कारण मर्डॉक यांच्या सूत्रात दाबाचा परिणाम वेगळा धरलेला नाही. तो पुढे चिझम यांनी आणला, आणि वायूच्या वेगाबरोबर व प्रवाहाच्या रूपाबरोबर ही दुरुस्ती बदलते हे डी लेउ यांनी 1997 मध्ये व्हेंच्युरीच्या (हळूहळू अरुंद होऊन पुन्हा रुंदावणाऱ्या नळीच्या मीटरच्या) बाबतीत दाखवले. शिवाय यातल्या प्रत्येक सूत्राला द्रवाचा प्रवाह आधीच माहीत असावा लागतो, आणि आमच्याकडे नेमका तोच आकडा नव्हता.

सर्वांत जास्त ऋण आहे ते कच्च्या संकेताबद्दल. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरचा आलेख जवळजवळ सरळ होता, कारण ट्रान्समीटरचे डॅम्पिंग, म्हणजे चढउतार सौम्य करण्याची वेळ, काही सेकंदांवर ठेवलेले होते आणि नोंदप्रणाली त्यावर पुन्हा सरासरी काढत होती. आपण डॅम्पिंग किमान करायला आणि दाबफरक थेट, दर सेकंदाला अनेक वेळा नोंदवायला सांगितलेत. त्या नोंदीचा आलेख पाहताच बैठकीतली चर्चा बदलली. बराच वेळ शांत रेषा, मग एकदम उभा चढ, काही क्षण वरच्या पातळीवरची थरथर आणि पुन्हा उतार, असे चित्र ठरावीक अंतराने उमटत होते. आपण लगेच पाइपिंगचे आयसोमेट्रिक रेखाचित्र मागवलेत आणि उभ्या चढाआधीच्या खोलगट भागाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेत. द्रव तिथे साचत होता, वायूची वाट अरुंद करत होता, आणि मागचा दाब पुरेसा वाढला की सगळा साठा एकदम वर ढकलला जात होता.

यापुढचा मुद्दा इतका साधा आहे, की तो कुठेही ठळकपणे सांगितलेला का नसतो याचे मला आश्चर्य वाटते. प्रवाह हा दाबफरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. समजा, दाबफरक अर्धा वेळ 4 आणि अर्धा वेळ 16 एकक आहे. वर्गमुळे 2 आणि 4, म्हणून खरी सरासरी 3. पण आधी दाबफरकाची सरासरी काढली तर ती 10 येते आणि तिचे वर्गमूळ 3.16, म्हणजे 5 टक्के जास्त. चढउतार 1 आणि 25 यांच्यात असतील तर हीच तफावत 20 टक्क्यांवर जाते. यात मीटर सदोष नसतो आणि दुरुस्तीचे सूत्रही चुकीचे नसते. क्रियांचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो. आमच्या प्रणालीत वर्गमूळ सरासरीनंतर घेतले जात होते. स्लग येत नसते तर त्याने फारसे काही बिघडलेही नसते.

त्याच वेळी आपण इम्पल्स लाइनींकडेही, म्हणजे प्लेटपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळ्यांकडेही, लक्ष वेधलेत. वायूसाठी ट्रान्समीटर टॅपिंगच्या (या नळ्या मुख्य नळाला जोडतात त्या जागेच्या) वर असावा, म्हणजे नळीत शिरलेला द्रव आपोआप परत उतरतो, हा नियम आम्हाला तोंडपाठ होता. परंतु प्रत्यक्षात एका नळीला आधार सुटल्यामुळे झोळ आला होता. त्या झोळात 100 मिलिमीटर पाण्याचा स्तंभ अडकला तरी जवळजवळ 1 किलोपास्कलचा खोटा दाबफरक तयार होतो, आणि कमी प्रवाहाच्या वेळी तो मुळीच दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

मल्टिफेज मीटरबद्दल आपण जे सांगितलेत, त्यामुळे मोठी खरेदी टळली. वायू द्रवापेक्षा वेगाने पुढे सरकतो, म्हणून प्रवाहातला द्रवाचा वाटा आणि नळाच्या छेदात द्रवाने व्यापलेली जागा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घनफळाने फक्त 10 टक्के द्रव वाहत असेल आणि वायूचा वेग द्रवाच्या तिप्पट असेल, तर द्रव छेदाचा चौथा भाग व्यापतो. गॅमा किरणांचे घनतामापक ही जागा मोजते, प्रवाह मोजत नाही. त्यापुढे स्लिपचे, म्हणजे दोघांच्या वेगातल्या तफावतीचे, गणित लागतेच. आडव्या नळात द्रव तळाशी बसलेला असताना एकच किरण आरपार सोडला तर तो त्याच्या मार्गातल्या द्रवाची जाडी सांगतो, क्षेत्रफळ सांगत नाही. असे अनेक मीटर बंद टोकाच्या टी-जोडानंतर, वर जाणाऱ्या उभ्या नळात का बसवतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

मग आपण सेसियम-137 च्या 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांपासून दोन ऊर्जांच्या पद्धतीपर्यंत सगळे सांगून शेवटी एक छोटा हिशेब मांडलात. प्रवाहात 95 टक्के वायू आहे आणि वायूच्या हिश्श्यात एका टक्क्याची चूक झाली, तर उरलेल्या 5 टक्के द्रवाच्या दृष्टीने ती 20 टक्क्यांची चूक ठरते. आमच्या वाहिनीत वायूचे प्रमाण त्याहूनही जास्त होते. तेल, पाणी आणि वायू हे तिन्ही वेगवेगळे मोजायचे असतील, किंवा टेस्ट सेपरेटर ठेवायला जागाच नसेल, तिथे मल्टिफेज मीटरला पर्याय नाही असे मलाही वाटते. आमची गरज तशी नव्हती. माहितीपत्रकातला अचूकतेचा आकडा वायूच्या किती प्रमाणापर्यंत लागू आहे, हे विचारण्याची सवय तेव्हापासून आमच्या खरेदी विभागालाही लागली आहे.

पुढे काय झाले तेही कळवते. खोलगट भागाला ड्रेन पॉट (साचणारा द्रव काढून घेणारे भांडे) बसवल्यानंतर स्लग येणे थांबले आहे. इम्पल्स लाइनी नव्याने, सलग उतार देऊन टाकल्या, आणि वर्गमूळ आता सरासरीच्या आधी घेतले जाते. द्रवाच्या प्रवाहासाठी आपण सुचवलेली ट्रेसरची चाचणी केली: द्रवात विरघळणारा रंग मोजून सोडायचा, तो पुरता मिसळेल इतक्या अंतरावर नमुना घ्यायचा आणि रंग किती पातळ झाला यावरून द्रवाचा प्रवाह काढायचा. त्या आकड्यावरून केलेल्या दुरुस्तीनंतर मुख्य मीटर आणि पुढच्या युनिटांची बेरीज यांच्यातला फरक दोन्ही बाजूंच्या अनिश्चिततेच्या आत आला आहे. उत्पादन विभागाने ताळेबंदावर सही केली, हे विशेष.

कमी भाराच्या वेळी मात्र ट्रेसरचे नमुने एकमेकांशी जुळत नाहीत. द्रव तळाशी वाहत असल्यामुळे रंग भिंतीवरच्या थरापर्यंत पोहोचत नसावा, असा माझा अंदाज आहे. दोन वेगवेगळ्या अंतरांवरच्या नमुन्यांची तुलना केलेला तक्ता, प्रत्येक आकड्यापुढे अनिश्चितता लिहून, स्वतंत्रपणे पाठवत आहे. सवडीने नजर टाकावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
इन्स्ट्रुमेंट विभागातील एक अभियंता