मशीनने नाव दिलं म्हणजे झालं असं नाही

मा. संपादक,

बॅक्टेरिया ओळखणाऱ्या माल्डी मशीनवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला, छान आहे, पण "काही मिनिटांत अचूक नाव" हे जरा घाईचं झालं. मी प्राण्यांची सॅम्पल तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते म्हणून लिहितेय.

कुत्र्याच्या कानातला किंवा कातडीवरचा स्वॅब लावला की बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमिडियस हा बॅक्टेरिया उगवतो (नाव जिभेवर बसायलाच महिना जातो). हा कोॲग्युलेज पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा गोठवणारा, माणसातला स्टॅफिलोकोकस ऑरियसही तसाच, त्यामुळे कुत्रा चावलेल्या जखमेतून हा निघाला तरी रिपोर्टवर ऑरियस लिहून मोकळे होतात. खरंतर साधी पीवायआर टेस्ट (एका एन्झाइमची झटपट तपासणी) लावली तरी कळतं, ऑरियस तिथे निगेटिव्ह येतो आणि हा पॉझिटिव्ह.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. स्यूडइंटरमिडियस, इंटरमिडियस आणि डेल्फिनी ही सख्खी भावंडं, २००५ मध्ये स्यूडइंटरमिडियस वेगळा मांडला जाईपर्यंत कुत्र्यातलं सगळं इंटरमिडियसच्याच खात्यावर जायचं, म्हणून जुन्या रिपोर्टमधलं ते नाव जपून वाचावं लागतं. यांना एकमेकांपासून वेगळं ओळखायला बायोकेमिकल टेस्टचा भरवसा नाही, जात ओळखायला नेहमी बघतात तो १६एस जीनही ९९ टक्क्यांच्या वर सारखा. मग पीटीए नावाच्या जीनचा ३२० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा पीसीआरने, म्हणजे प्रती काढून, वाढवायचा, एमबीओ-वन एन्झाइमने कापायचा, स्यूडइंटरमिडियस असेल तर जेलवर २१३ आणि १०७ चे दोन पट्टे दिसतात, बाकीची दोन भावंडं कापलीच जात नाहीत. माल्डी मशीन प्रोटीनच्या वजनाचे पीक डेटाबेसशी जुळवतं, पण त्या डेटाबेसमध्ये प्राण्यांमधले स्ट्रेनच कमी असले तर ते बिचारं जवळचं नाव देऊन मोकळं होतं.

कुणी म्हणेल नावात काय एवढं. मेक-ए जीनमुळे येणारा रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) बघायला ऑरियसला सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची डिस्क चालते, स्यूडइंटरमिडियसला ऑक्सासिलिनच लावावी लागते, सेफॉक्सिटिन लावली तर रेझिस्टंट जंतूही सेन्सिटिव्ह म्हणून सुटून जातो आणि डॉक्टर भलतंच औषध देत बसतात.

म्हणून माझं एवढंच म्हणणं, रिपोर्टवर जातीच्या नावाशेजारी ते कुठल्या टेस्टने ठरवलं तेही छापायला हवं. एका ओळीचं काम आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या बाहेरच्या रिपोर्टांवर ती ओळ क्वचितच दिसते.

आपली,
लॅबमधली एक वाचक